अप्पासाहेबांचं नाक आणि इंडीचं जवस

जवसाची आणि माझी ओळख जुनी, पण दोस्ती कधी नव्हती. पुण्याला आमच्या स्वयंपाकघरात फडताळाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात जवसाच्या चटणीची बरणी असायची. खालच्या कप्प्यात अशासाठी, की ती कुणी चोरून खाणार नाही याची आईला पक्की खात्री होती. भाजी कमी पडली किंवा पाहुणा अवेळी टपकला, की मग ती वर यायची. क्रिकेटच्या संघात बारावा गडी असतो ना, पाणी घेऊन पळणारा, तशी ती चटणी.

पुढे नोकरीसाठी बंगळूरला आलो आणि ऑफिसच्या कँटीनमध्ये एके दिवशी तेच जवस पाहिलं. काचेच्या बरणीत, गळ्यात ‘फ्लॅक्स सीड्स’ अशी पाटी अडकवून, दह्याच्या शेजारी ऐटीत बसलेलं. गल्लीतला ओळखीचा माणूस विमानतळावर सूटबूट घालून भेटावा आणि त्यानं ओळख दाखवू नये, तसं मला झालं.

पण वेळ सगळ्यांवर येते. माझ्या रक्ताचा अहवाल आला, डॉक्टरांनी तो चष्म्याच्या वरून वाचला, आणि माझी बायको मुग्धा तिथल्या तिथे म्हणाली, “उद्यापासून रोज एक चमचा जवस.”

“ऑफिसात मिळतं की.”

“ते कुणी भाजलंय, कधी भाजलंय, देव जाणे. ताजं आण. बघून आण.”

जवसात काय बघायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं. चिकपेटेत दोन-तीन दुकानं पालथी घातली. शेवटी एका दुकानदारानं माझी दया येऊन हिंदीत सांगितलं, “अगसे बीज ना? शिवाजीनगरला जा. तिथे एक घाणेवाले राव आहेत. नाकवाले.”

नाक तर सगळ्यांनाच असतं, असं मनात म्हणत मी बंगळूरच्या त्या शिवाजीनगरला गेलो आणि अप्पासाहेबांना भेटलो.

बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, एका बाजूला गाद्या भरणारा आणि दुसऱ्या बाजूला क्रिकेटच्या बॅटी दुरुस्त करणारा, यांच्या मधोमध त्यांचं दुकान. दुकान कसलं, घराची पुढची खोली. त्या खोलीत मध्यभागी चिंचेच्या लाकडाचं भलंमोठं उखळ, त्यात तिरकी उभी असलेली लाट, म्हणजे जाडजूड लाकडी मुसळ, आणि खाली मोटर. ती लाट इतकी सावकाश फिरत होती, की हिला कुठे जायची घाई नाही, असं बघणाऱ्याला वाटावं. उखळाच्या पोटातून एक बारीक धार खालच्या डब्यात पडत होती. आणि स्टुलावर एक काटक म्हातारे गृहस्थ डोळे मिटून, तळहात नाकाशी धरून बसले होते. पहिल्यांदा मला वाटलं, प्राणायाम चाललाय.

“बसा की सर,” ते डोळे न उघडताच मराठीत म्हणाले. “पुणं का?”

“तुम्ही कसं ओळखलंत? मी तर बोललोही नाही.”

“चप्पल बाहेर काढावी की नको म्हणून दारात स्वल्प विचार केलात. पावलं थांबलेली ऐकली मी. इथला माणूस काढतो, नाही तर येतो सरळ. विचार करत नाही.”

मग त्यांनी डोळे उघडले आणि हसले. मी विचारलं, तुम्ही इथे कधी आलात? “आम्ही होय? शहाजीराजांच्या मागून आलो. काम झालं की परत जायचं असं ठरलेलं. काम काय संपेना.” घरात मराठी, दारात कन्नड, असं त्यांच्या घराण्याचं पावणेचारशे वर्षांपासून चाललं होतं. त्यांच्या पत्नी सोयराबाई तर नवऱ्याला ‘अहो’ म्हणायच्याच नाहीत. शेजारच्या कन्नड बायका म्हणतात तसं ‘री’ म्हणायच्या.

अप्पासाहेब जन्माचे तेलवाले नव्हेत. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका गिअरबॉक्सच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली. तिथेही म्हणे त्यांचं नाकच कामाला होतं. “बेअरिंग जळायच्या आधी अर्धा तास वास सुटतो. साहेब लोक मीटर बघायचे, मी वास बघायचो. मीटर सांगायचं तोवर मी मशीन बंद करून चहा पिऊन आलेलो असायचो.” निवृत्त झाल्यावर महिनाभर घरी बसले. त्या महिन्याबद्दल दोघंही फारसं बोलत नाहीत. मग त्यांनी भंगारातून एक गिअरबॉक्स आणला, स्वतः खोलला, स्वतः जुळवला, आणि त्यावर हा घाणा बसवला. बैल जितक्या सावकाश फिरायचा तितकाच फिरेल असा. “जोरात फिरवलं की तेल तापतं. तापलं की रागावतं. रागावलेलं तेल माणसानं खाऊ नये, सर.”

तेलाला राग येतो हे मी त्या दिवशी प्रथम ऐकलं. पुढे कळलं की अप्पासाहेबांचं तेल रुसतं, थकतं, आणि कधी कधी त्याला एकटं ठेवल्याचं वाईटही वाटतं.

यासाठीच लोक त्यांच्याकडे यायचे. दर शनिवारी सकाळी नऊ ते अकरा त्यांच्याकडे वास घेणं फुकट असायचं. म्हणजे वास अप्पासाहेब घेणार, फुकट आपल्याला. बायका घरातलं तेल छोट्या बाटलीत घालून आणायच्या: अण्णा, हे ठीक आहे का, गेल्या महिन्यातलं आहे. कुणी बाळाला चोळायचं तिळाचं तेल आणायचं, कुणी कारळ्याची मूठभर बी, कुणी आजीच्या गुडघ्यासाठी घेतलेलं एरंडेल. धान्यवाले बियांचे नमुने आणायचे. आधी सोयराबाई तो नमुना वाटीत ओतून घ्यायच्या आणि वाटी नवऱ्याच्या हातात द्यायच्या. मग अप्पासाहेब चार दाणे तळहातावर अंगठ्यानं रगडायचे, हात नाकाशी न्यायचे, डोळे मिटायचे. गल्ली गप्प व्हायची. गादीवाला पिंजायचं थांबायचा. आणि मग निकाल. “चांगलं आहे. पण याला उजेडात ठेवू नका, लाजतं.” किंवा, “हे गेलं. दिवाबत्तीला घ्या.” यावर अपील नसायचं.

मी दर शनिवारी जाऊ लागलो. निमित्त जवसाचं, पण खरं म्हणजे मला तिथे बसायला आवडायचं. एकाच जवसाला किती घरी जावं लागतं ते मला तिथे कळलं. तेल निघालं की त्यातलं थोडं शेजारचा बॅटवाला न्यायचा, बॅटीच्या लाकडाला पाजायला. थोडं पलीकडचा फर्निचरवाला. उरलेली पेंड एक दूधवाला मोटारसायकलवर बांधून गाईंना न्यायचा. आणि एक चमचा बी माझ्या कोलेस्टेरॉलला. “याचं तेल कच्चंच खायचं, विस्तव दाखवायचा नाही,” अप्पासाहेब सांगायचे. “सगळ्या तेलात हे नाजूक. शेंगदाणा काय, वर्ष काढतो. जवसाचं तेल आज हसतं, आठ दिवसांनी तोंड वाकडं करतं. बाकी तेलं जिभेवर तपासली तरी चालतात. पण जीभ म्हणजे उशिरा येणारा पाहुणा, सर. कडू लागेपर्यंत सगळं आटपलेलं असतं. जवसाला नाकच पाहिजे.”

हे वाक्य पुढे मला फार आठवलं.

एका शनिवारी मात्र एक गोष्ट झाली, ती मी तेव्हा हसण्यावारी नेली. अप्पासाहेब एका बाईंच्या करडईच्या तेलावर निकाल देत होते आणि आत गॅसवर दूध करपलं. दुकानभर वास. रांगेतल्या बायका नाकाला पदर लावून “अक्का, दूध, दूध” म्हणून ओरडल्या. सोयराबाई धावल्या. अप्पासाहेब डोळे मिटून शांत. मी मनात म्हटलं, याला म्हणतात एकाग्रता.

आता शालनची गोष्ट.

शालन विजापूरच्या पलीकडे इंडीची. तिथल्या अकरा बायकांनी मिळून एक गट केला होता. आपापल्या शेतातली करडई, कारळं, जवस त्या एकत्र करायच्या, निवडायच्या, पाखडायच्या, आणि शालन ते रेल्वेनं बंगळूरला आणायची. चाळिशीची, खणखणीत आवाजाची बाई. ती गल्लीत शिरली की आधी तिचा आवाज दुकानात यायचा, मग ती, मग पोती. वर्षभर अप्पासाहेबांचं जवस तिच्याकडूनच यायचं.

त्या शनिवारी ती जवसाची तीन पोती घेऊन आली. सोयराबाईंनी तिला कॉफी दिली, स्वतःही घेतली, एका हातात पेला धरून दुसऱ्या हातानं पोत्यातून वाटीभर जवस काढलं आणि अप्पासाहेबांच्या पुढे ठेवलं. त्यांनी दाणे रगडले. डोळे मिटले. गल्ली गप्प.

शालनला गप्प बसणं जमत नाही. ती सोयराबाईंच्या कानाशी गेली, पण तिचं कुजबुजणं म्हणजे इतरांचं ओरडणं. “अक्का, आण्णा असं डोळं मिटून बसलं की मला आमच्या सासऱ्याची आठवण येती. त्ये बी देवळात कीर्तनाला असंच बसत्यात. लोकांना वाटतं समाधी लागली. परसाद वाटाय लागलं की बरूबर जागं होत्यात.”

सोयराबाईंना हसू आलं. तोंडात कॉफीचा घोट होता. जोराचा ठसका लागला आणि त्या खोकल्या.

अप्पासाहेबांनी डोळे उघडले. तळहात झटकला. “शालन, याला वास लागलाय. ओलीत ठेवलं होतं का? खायला चालणार नाही. फर्निचरवाल्याला दे, बेलतेल करेल तो.”

बेलतेल म्हणजे उकळून केलेलं जवसाचं तेल, दारं-खिडक्यांना लावतात ते. म्हणजे जेवणाच्या पानावरून थेट दाराच्या फळीवर.

शालनचा चेहरा उतरला. तिनं पोत्यात हात घालून मूठभर जवस काढलं, हुंगलं, पुन्हा हुंगलं. “मला तर काय वास येत न्हाई वो.” मग मूठ सोडली. “पर तुमी म्हणता म्हंजे असंल. तुमचं नाक ते नाक. आमचं काय, शेंबूड पुसायपुरतं.” लोक हसले. ती हसली नाही. पोत्यांची तोंडं बांधली आणि हातगाडीवाल्याला हाक मारली.

माझी नजर सोयराबाईंकडे गेली. त्यांच्या एका हातात पेला तसाच होता, आणि दुसऱ्या हातातल्या बांगड्या त्या उगीचच खुळखुळवत होत्या. पुन्हा पुन्हा. अप्पासाहेब तोवर पुढच्या बाटलीकडे वळले होते.

मी निघताना सोयराबाईंनी वाटीतलं ते जवस कागदात बांधलं आणि माझ्या पिशवीत टाकलं. मला वाटलं, दुकानात दुसरं नाही म्हणून दिलं असेल.

घरी मी मुग्धाला म्हटलं, “हे खराब आहे. कबुतरांना घाल.”

तिनं पुडी उघडली. “कोण म्हणतं खराब?”

“अप्पासाहेब.”

“त्यांचं नाक ठिकाणावर आहे ना?” म्हणाली आणि तिनं कढई चढवली. जवस तडतडलं, तीळ पडले, सुकं खोबरं, मिरची. आणि काय सांगू, तासाभरानं वरच्या मजल्यावरच्या कन्नड आजी विचारायला आल्या, काय करताय म्हणून. माझ्या आयुष्यातली पहिली जवसाची चटणी, जी खालच्या कप्प्यात ठेवता आली नाही.

मला गंमत सुचली. सुप्रीम कोर्टाचा निकाल चुकलेला सापडला, तर कुणालाही गुदगुल्या होतात. पुढच्या शनिवारी मी थोडी चटणी घट्ट झाकणाच्या डब्यात भरली, डबा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळला आणि मुद्दाम अकरा वाजून गेल्यावर, रांग पांगल्यावर, दुकानात गेलो. दोघंच होती. मी डबा पिशवीतून काढून अप्पासाहेबांच्या पुढे ठेवला.

“काय आणलं, सुहासराव?”

“मुग्धानं चटणी केलीय.”

अप्पासाहेब पुढे वाकले, डोळे मिटले. “वा! काय खमंग वास! लसूण स्वल्प जास्त झाला काय?”

मी डब्याकडे बघितलं. झाकण लावलेलंच होतं. आणि चटणीत लसूण नव्हताच.

मी सोयराबाईंकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनीच पुढे होऊन झाकण काढलं, चटणी नाकाशी नेली आणि तशाच उभ्या राहिल्या.

“हे शालनचं आहे,” त्या म्हणाल्या.

“शालनचं? त्याला तर वास लागलेला.”

“री, नव्हता लागला.”

“नव्हता? मग खोकलीस कशाला तू?”

एवढं बोलून गेल्यावर अप्पासाहेबांच्या लक्षात आलं की मी तिथेच उभा आहे. त्यांनी उठून मोटर बंद केली. एवढा सावकाश फिरणारा घाणा, पण तो थांबल्यावर खोली एकदम मोठी वाटायला लागली.

मोठ्या साथीच्या दुसऱ्या वर्षी अप्पासाहेबांना ताप आला होता. ताप आठ दिवसांत गेला, जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत. महिना गेला, वर्ष गेलं. “चष्मा लागला तर माणूस चारचौघांना सांगतो, सर. दात पडले तर हसून दाखवतो. कान गेले तर लोक मोठ्यानं बोलतात. नाक गेलं तर काय सांगायचं? एकाला सांगितलं, तर तो म्हणाला, बरं झालं की, नाल्याचा त्रास नाही.” ते हसायला गेले, पण ते हसणं काही जमलं नाही. “सकाळी कॉफी पितो. गरम आहे एवढं कळतं. कॉफी आहे हे सोयरा सांगते म्हणून.”

घाणा बंद करायचं त्यांच्या मनात आलं होतं. सोयराबाईंनीच तोड काढली. वाटी तर त्यांच्याच हातातून जायची. जाता जाता त्या हुंगायच्या. चांगलं असेल तर बांगड्या वाजवायच्या, वाईट असेल तर खोकायच्या. तीन-साडेतीन वर्षं शिवाजीनगरच्या तेलाचा न्याय त्या बांगड्यांवर चालला होता आणि कुणाला पत्ता नव्हता. उलट अप्पासाहेब खुणेची वाट बघत जास्त वेळ डोळे मिटून बसायचे, त्यामुळे लोकांत त्यांचं नाव आणखी वाढलं.

“मला कॉफीचा ठसका लागला होता,” सोयराबाई म्हणाल्या. “मागून बांगड्या वाजवल्या, किती वाजवल्या. तुम्ही ऐकताय कुठं! निकाल देऊन मोकळे.”

“मग तोंडानं बोलायचं.”

“सगळ्यांच्या पुढं? तुमचं चुकलं म्हणून?” त्यांनी डबा खाली ठेवला. “आठ दिवस झोप नाही मला. सांगणार होते. रोज सांगणार होते.”

मला तिथून निघून जावंसं वाटत होतं. गंमत करायला म्हणून आणलेला डबा समोर उघडा पडला होता. मी म्हटलं, शालनला फोन करून टाका. अप्पासाहेबांनी फोन घेतला, पण सरळ बोलण्याआधी त्यांनी एक वळसा घेतला. माणूस आहे.

“शालन, ते जवस परत आण. मी अजून एकदा बघतो म्हणतो.”

फोनवर शालन मुळात बोलत नाही, ओरडते. त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू आलं. “कुठनं आणू, आण्णा? तीनी पोती दिली की त्या फर्निचरवाल्याला. तुमी म्हणालात तसंच केलं. आन आता जवसच बंद.”

“बंद कशाला?”

“मग काय वो! माल प्रतिमाच्या घरात ठिवत होतो. तिच्या घरात वल हाय म्हणून बैठकीत बायका बोलल्या तिला. लई बोलल्या. ती म्हणती, माझ्या खोलीत मुंगीला बी पाणी मिळत न्हाई. पर तुमचं नाक खोटं व्हईल का? आता पुढल्या सालापासनं माल तिच्याकडं ठिवायचा न्हाई, आन जवस पेरायचंच न्हाई असं ठरलं. करडई बरी, ती काय येवढी नाजूक न्हाई.”

 अप्पासाहेबांनी भिंतीकडे बघितलं, घाण्याकडे बघितलं. मी तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते वाचू शकलो, कारण ते वाचायला फार हुशारी लागत नव्हती. एक शब्द फिरवून बोललं तर सगळं निभावत होतं. पोतं बदललं असेल, नमुना चुकला असेल, असं काहीही. प्रतिमा सुटली असती आणि नाकही राहिलं असतं.

“आण्णा? हाय का लाइनीवर?”

“आहे. शालन, ऐक. खोट तुमच्या जवसात नाही. प्रतिमाच्या घरात पण नाही. माझ्या नाकात आहे. मला चार वर्षं झाली वास येत नाही.”

शालनचा आवाज आणखी चढला.  

“मग गेल्या साली माझ्या करडईला ‘पोर शाळंतनं पयली आली’ असं म्हणालात, ते वो?”

“सोयराचा निकाल. शब्द माझे.”

“मग आक्कालाच थेट इचारलं असतं की! मधी तुमी कशाला?”

 सोयराबाईंनी पदराचं टोक तोंडाला लावलं. हसत होत्या की काय, नक्की कळलं नाही.

शालनचा आवाज खाली आला. “आण्णा, मला सांगून काय उपेग? मी तर घरचीच. प्रतिमाला सांगा. जिथं तिला बोलल्या तिथं सांगा. बुधवारी बैठक हाय.”

“येतो,” अप्पासाहेब म्हणाले.

आणि गेले. दोघंही गेली. तिथे काय झालं ते मला पुढच्या शनिवारी सोयराबाईंनी सांगितलं. रेल्वेत अप्पासाहेबांनी भाषण पाठ केलं होतं. बैठकीत उभे राहिले आणि पहिलं वाक्य विसरले. मग नुसतं म्हणाले, “माझं चुकलं. मला वास येत नाही, आणि मी तो येतो असं दाखवलं.” बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. प्रतिमा म्हणजे साठीच्या आसपासची एक बारकीशी बाई, कोपऱ्यात बसली होती. ती म्हणाली, “मी रोज त्या पोत्यांच्या शेजारी निजते. वास असता तर मला आला नसता व्हय? पर मला कुणी इचारलंच न्हाई. समद्या म्हणल्या, आण्णा म्हणले म्हंजे झालं.”

“आणि मग?” मी विचारलं.

“मग काय. यांनी मान खाली घातली. आणि मी पण,” सोयराबाई म्हणाल्या. “मग तिनं भाकरी टाकल्या. पोती त्याच खोलीत राहायची ठरली. आम्ही सगळे त्याच पोत्यांना टेकून बसलो. जवसाची चटणी होती, वर कच्चं तेल. यांनी चार भाकरी खाल्ल्या. वास येत नाही म्हणे!”

हे त्या सांगत होत्या तेव्हा नऊ वाजत आले होते आणि बाहेर रांग लागत होती. दुकानात एक बदल होता. स्टुलावर सोयराबाई बसल्या होत्या आणि अप्पासाहेब हात पुसत घाण्यापाशी उभे होते. घाण्याच्या बाजूला प्रतिमाच्या घरातून आलेलं नवं पोतं. रांगेतली पहिली बाई सवयीनं बाटली अप्पासाहेबांच्या पुढे करू लागली. ते म्हणाले, “तिकडे. माझं नाक साथीतच गेलं, अम्मा. हे इतके दिवस तिचंच होतं.”

रांगेत कुजबुज झाली. मागचे दोघे निघून गेले, हे मी लपवणार नाही. एक बाई म्हणाल्या, म्हणजे माझं तिळाचं तेल कुणी पास केलं होतं? दुसऱ्या म्हणाल्या, पास झालं होतं ना, मग झालं. सोयराबाईंनी पहिली बाटली उघडली, हुंगली, बूच लावलं.

“चांगलं आहे.”

बाई वाट बघत उभ्या. “एवढंच?”

“अजून काय?”

लोकांची मोठी निराशा झाली. ना डोळे मिटणं, ना तेलाचं रुसणं-हसणं. दोन तासांचं काम पंचवीस मिनिटांत आटपलं. गादीवाला तर म्हणाला, पिंजायचं थांबलो न थांबलो तोवर निकाल. तिसऱ्या बाटलीपासून मग अप्पासाहेबांनी घाण्यापासूनच पुरवणी जोडायला सुरुवात केली. सोयराबाई म्हणायच्या, “गेलं,” आणि ते तिकडून सांगायचे, “एकटं ठेवलं होतं ना त्याला? म्हणून.” अशी जोडी जमली आणि रांग जरा खूश झाली.

रांग संपल्यावर अप्पासाहेबांनी नवं जवस उखळात ओतलं, पाण्याचा हबका मारला, मोटर लावली. लाट फिरू लागली. बऱ्याच वेळानं पहिली धार आली, पिवळी, जड. सोयराबाईंनी वाटी धरली. अप्पासाहेब जवळ येऊन उभे राहिले. या वेळी डोळे मिटले नाहीत.

“वास कसा आहे?” त्यांनी विचारलं.

“चांगला आहे.”

“ते कळलं. कसा आहे?”

सोयराबाईंना असलं बोलायची सवय नव्हती. त्यांनी वाटी पुन्हा नाकाशी नेली. 

“लग्न होऊन मी आले,” त्या म्हणाल्या, “तेव्हा तुमच्या घराच्या दाराला नवा रंग दिलेला होता. अजून ओला. मी हात लावला आणि बोटाला लागला. तो वास. आणि त्याच्या खाली, स्वल्प, वाळलेलं गवत.”

अप्पासाहेब वाटीकडे बघत राहिले. “हिरवा रंग होता,” ते म्हणाले.

“निळा.”

“हिरवा, सोयरा. मी स्वतः आणलेला.”

“री, माझ्या बोटाला लागला होता का तुमच्या? निळा.”

मी तेलासाठी आणलेली माझी बाटली पुढे केली. कुणाचंच लक्ष नव्हतं.